फेटियाला घाघरा म्हणताना

जनपथच्या बाजूच्या गल्लीत गुजराती बायका जुन्या भरतकामाचे ढीग मांडून बसतात. तोरणे, पिशव्या, उशांचे अभ्रे. अभ्रा जवळून पाहिला की कळते, तो कधीकाळी कोणाच्या तरी चोळीची बाही होता, किंवा घाघऱ्याचा पट्टा. मागच्या हिवाळ्यात अशाच एका अभ्र्यावर, कच्छी तुकड्याला लागून, बंजारा कांचळीचा आरसे लावलेला तुकडा शिवलेला दिसला. विचारले तर उत्तर आले, ‘बंजारा है, पुराना है.’ आणि किंमत. मला ते उत्तर प्रामाणिक वाटले. प्रदर्शनांच्या फलकांवर याहून बरेच जास्त लिहिलेले असते आणि त्यातले पुष्कळसे मला पटत नाही.

न पटणारे वाक्य साधारण असे असते : या समाजाला लिपी नव्हती, म्हणून त्याच्या स्त्रियांनी आपला इतिहास टाक्यांत लिहिला. वाक्य देखणे आहे आणि केवळ आपल्याकडचे नाही. चीनच्या क्वेइचौ प्रांतातल्या म्याव लोकांत अशी कथा सांगतात, की दक्षिणेकडे पळताना नदी ओलांडली, त्यात ग्रंथ गेले, आणि उरले ते बायकांनी कपड्यांवर भरून ठेवले. १९०५च्या सुमारास सॅम्युएल पोलार्ड या मिशनऱ्याने तिथल्या एका म्याव गटासाठी लिपी तयार केली, तेव्हा तिची अक्षरे आपल्याच कपड्यांवरच्या नक्षीतून आली अशी समजूत रूढ झाली. ही कथा त्या लोकांची स्वतःची आहे, तिच्यात हरवल्याचे दुःख आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. पण त्याच कुळातल्या ह्मोंग स्त्रियांचे पुढे काय झाले ते पाहावे. १९७५नंतर लाओसमधून पळून त्या थायलंडच्या निर्वासित छावण्यांत आल्या आणि तिथे कापडावर माणसे, विमाने, मेकाँग नदी भरू लागल्या. कधी खाली इंग्रजी ओळीही. कापड गोष्ट ‘सांगू’ लागले, कारण घेणारा परका होता. घरातल्या जुन्या भौमितिक नक्षीला कोणाला काही समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

हेच मला बंजारा वेशाबद्दल म्हणायचे आहे. फेटिया, कांचळी, टुकरी, कानांजवळ लोंबणारी चांदीची घुगरी. तांड्यातल्या माणसाला यातून बाई आपली की परकी, लग्न झालेली की न झालेली, हे क्षणात कळते. हे लिपीपेक्षा संबोधनाच्या जवळचे आहे. ‘वहिनी’ या शब्दात इतिहास कोरलेला नसतो, तरी तो उच्चारला की नाते उभे राहते. आरशांचे घ्या. कोणी सांगते दृष्ट लागू नये म्हणून, कोणी सांगते रानात जनावर बुजावे म्हणून, आणि एखादी म्हणते छान दिसतात म्हणून. फलकावर पहिली दोन कारणे येतात. तिसरे कधीच येत नाही, जणू तांड्यातल्या बाईला नुसती हौस असूच शकत नाही.

आणि ज्यांना लिपी नाही म्हणून आपण हळहळतो, त्यांच्याजवळ भाषा आहे. गोरबोली महाराष्ट्रात देवनागरीत लिहितात, कर्नाटकात कन्नडमध्ये, तेलंगणात तेलुगूत. टाक्यांनाही नावे आहेत : वेले, रेलो, किलन. फलकावर मात्र ‘मिरर वर्क’. एकच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया यातल्या काही गटांवरही पडली होती. अशा काळात दुरून ओळखू येणारा पोशाख गावच्या पाटलाला आणि पोलिसालाही ‘वाचता’ येत असणार. कापडाचे सांस्कृतिक अर्थ सांगताना हा वाचक आपण सोयीस्करपणे वगळतो.

विकण्याबद्दल माझी तक्रार नाही. संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या स्त्रियांना सुईवर घर चालवता येते, ही मोठी गोष्ट आहे. २०२३ साली हंपीला जी-२०च्या बैठकीत लंबाणी भरतकामाच्या १७५५ वस्तू मांडून विश्वविक्रम झाला. विक्रमात वस्तू मोजतात, ते ठीकच. फक्त त्या मोजणीला समज म्हणू नये.

हे सगळे दुसऱ्यांना सुनावण्याचा मला फारसा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी तांड्यावरची एक मराठी कथा मी हिंदीत आणत होते. नायिकेची आई मरते आणि मुलगी पेटीतून तिचा फेटिया काढते. शहरात नोकरी करणारी, साडी नेसणारी मुलगी. ती तो अंगावर घालत नाही, नुसता मांडीवर घेऊन बसते. संपादकांनी समासात लिहिले, ‘घाघरा चलेगा?’ मी चालवून घेतले. हिंदी वाचकाला घाघरा लगेच दिसतो, पण दिसतो तो राजस्थानच्या पर्यटन खात्याच्या जाहिरातीतला, नाचणारा. मुलीच्या मांडीवर मी तो ठेवला आणि परिच्छेदाचे वजनच गेले. मराठीत त्या एका शब्दाने मुलगी पुन्हा तांड्याची होत होती. माझ्या हिंदीत ती जुने कपडे आवरत होती.

जनपथवरच्या अभ्र्याचे आणि माझ्या वाक्याचे काम मला सारखेच वाटते. मूळ वस्त्र उसवायचे, देखणा भाग ठेवायचा, शेजारी दुसरीकडचा तुकडा जोडून आपल्या दिवाणखान्यात शोभेल असे करायचे. फरक इतकाच, की विकणारीने निदान ‘बंजारा है’ एवढे तरी सांगितले. मी तेही पुसले होते.

आता त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघते आहे. ‘फेटिया’ परत घातला आहे, तळटीप न देता. नव्या संपादकांनी विचारले, वाचकाला कळेल का? मी त्यांना पुढचे वाक्य दाखवले, जिथे मुलगी त्याचा घेर मोजता मोजता आईच्या कंबरेला बांधायच्या नाडीपाशी येऊन थांबते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि समासातले प्रश्नचिन्ह खोडले.