सजीवांची लक्षणे आणि मटकीचा दाणा

मध्यंतरी सहावीची एक उत्तरपत्रिका आमच्या पाहण्यात आली. सजीव व निर्जीव असे वर्गीकरण करायचे होते आणि यादीत ‘मटकीचा दाणा’ होता. मुलीने तो निर्जीवांच्या रकान्यात लिहून पुढे पुस्ती जोडली होती, ‘पण भिजवला की सजीव होतो.’ बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती. फुली बरोबरच म्हणायची. पण मुलीने पाठातले नियम अगदी इमानाने लावले होते, त्याचे काय?

तो पाठ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वाढ, श्वसन, उत्सर्जन, हालचाल, चेतनाक्षमता, प्रजनन, पेशीमय रचना, ठरावीक आयुर्मान. शेजारी दोन रकान्यांचा तक्ता आणि स्वाध्यायात ‘फरक स्पष्ट करा’. यादी चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. झाड आणि दगड यांतला फरक सांगायला ती पुरते. तक्रार आहे ती तिच्या वापराबद्दल. सजीवांकडे पाहून काढलेली ही लक्षणे पाठात मात्र प्रवेशपरीक्षेसारखी येतात. मग खेचराला सहसा पिले होत नाहीत, त्याला कुठे बसवायचे? तुरटीचा खडा तिच्याच संपृक्त द्रावणात टांगला की वाढतो. चेतनाक्षमतेपाशी लाजाळू आणि जगदीशचंद्र बोस हमखास भेटतात. पण याच बोस यांनी १९०२ सालच्या आपल्या ग्रंथात कथिलासारखे धातूही विद्युत प्रतिसाद देतात असे दाखवले होते, ते कोणी सांगत नाही.

पेशीमय रचनेची तर आणखीच गंमत. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली ज्या ‘पेशी’ वर्णिल्या, त्या बुचाच्या कापातल्या, म्हणजे झाडाच्या मेलेल्या सालीतल्या होत्या. वर्गातल्या लाकडी बाकातही पेशींच्या भित्तिका आजही आहेत. तक्त्यात मात्र बाक दगडाशेजारी बसतो. तक्त्याचा मोठा दोष आमच्या मते हाच : जे कधीच जिवंत नव्हते आणि जे जिवंत होते पण आता नाही, त्यांना एकच शब्द, एकच रकाना.

आणि मटकी? कोरडा दाणा हलत नाही, वाढत नाही. त्याचे श्वसन इतके मंद की शाळेतल्या साधनांनी कळायचे नाही. तरी तो जिवंत असतो. मृत समुद्राजवळच्या मसाडा किल्ल्याच्या उत्खननात मिळालेली, सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची एक बी २००५ साली इस्राएलमध्ये पेरली, ती रुजली. मधली वीस शतके तिला निर्जीव म्हणायचे ठरवले, तर निर्जीवापासून सजीव निपजतो हेही मान्य करावे लागेल. त्या मुलीने नेमके तेच लिहिले होते. आणि पुढच्या इयत्तांत आपणच तिला लुई पाश्चर यांचे प्रयोग शिकवणार!

आम्ही पाठाची सुरुवात यादीऐवजी मटकीपासूनच करू. तीन बाटल्या घ्याव्यात. एकीत कोरडी मटकी, दुसरीत मोड आलेली, तिसरीत उकडून गार केलेली. प्रत्येकीत चुन्याच्या निवळीची लहानशी उघडी कुपी ठेवून झाकण घट्ट लावावे. मोडांच्या बाटलीतली निवळी काही तासांत दुधाळ होते. कोरडी आणि उकडलेली, दोन्हीकडे तसे काहीच घडत नाही. तक्त्याच्या हिशेबाने दोन्ही निर्जीव. मग त्या दोन्ही पाण्यात भिजवून फडक्यात बांधून ठेवाव्यात. एकीला मोड येतात, दुसरीला येत नाहीत. ‘निर्जीव’ आणि ‘मेलेला’ यांवर मुले तिथेच वाद घालू लागतील. श्वसन आणि वाढ हे शब्द त्यानंतर फळ्यावर आले तरी चालेल.

निवळीचा भाग मात्र एका दिवसात आटपावा. उकडलेली मटकी दुसऱ्या दिवशी आंबू लागते आणि तिच्याही बाटलीतली निवळी दुधाळ होते. तसे झालेच तर बाटली लगेच धुऊ नये. मटकी तर मेलेली आहे, मग हा वायू आता कोण सोडते आहे, हे आधी मुलांना विचारावे.