आणीबाणीनंतरचे उत्तरदायित्व : अमलात न आलेल्या एका कलमाच्या निमित्ताने

जून १९७५ मधील आणीबाणीची चर्चा बहुधा व्यक्तींच्या गुणदोषांभोवती फिरते. सत्तेला उत्तरदायी धरणारी यंत्रणा नंतर कितपत उभी राहिली, हा मूलभूत प्रश्न त्यामुळे मागे पडतो. १९७७ नंतर या उत्तरदायित्वासाठी चौकशी आणि घटनादुरुस्ती असे दोन मार्ग अवलंबिले गेले.

न्या. जे. सी. शहा आयोगाने १९७८ मध्ये तीन अहवाल सादर केले. 'मिसा'खाली सुमारे ३५ हजार व्यक्ती स्थानबद्ध झाल्याची नोंद त्यांत आहे. तथापि शिक्षा देण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. १९८० मध्ये सत्तांतर झाले आणि अहवालांवरील पुढील कारवाई खुंटली. आयोगाने सत्य नोंदविले. त्याची परिणती सरकारच्या इच्छेवर राहिली.

४४ व्या घटनादुरुस्तीचे कार्य अधिक भरीव आहे. आणीबाणीच्या कारणांतील 'अंतर्गत अशांतता' वगळून तिच्या जागी 'सशस्त्र बंड' आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आणि एका महिन्यात संसदेची विशेष बहुमताने मान्यता बंधनकारक झाली. जबलपूर खटल्यात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद केले होते. त्याला उत्तर म्हणून, आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ खालील हक्कांसाठी दाद मागण्याचा मार्ग बंद करता येणार नाही, अशी तरतूद झाली. तो निर्णय न्यायालयाने स्वतः मात्र २०१७ मध्येच रद्दबातल ठरविला.

परंतु याच दुरुस्तीचे कलम ३ आजही अमलात नाही. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना स्थानबद्ध ठेवण्याची मर्यादा तीन महिन्यांवरून दोनवर आणणारे आणि मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीशी जोडणारे हे कलम होय. अंमलबजावणीची तारीख ठरविण्याचे काम संसदेने सरकारवर सोपविले. ज्या जनता सरकारने ही दुरुस्ती घडविली, त्यानेही जून १९७९ मध्ये अन्य बहुतेक कलमे लागू करताना हे वगळले. ए. के. रॉय खटल्यात, डिसेंबर १९८१ मध्ये, बहुमताने सरकारला तसा आदेश देण्यास नकार दिला. न्या. गुप्ता व न्या. तुळजापूरकर यांनी भिन्न मत नोंदविले. पुढे निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली. अधिसूचना कोणीही काढली नाही.

किंबहुना येथेच या सुधारणेची मर्यादा स्पष्ट होते. आणीबाणी पुकारणे कठीण झाले. परंतु आणीबाणीविना माणसाला खटल्यावाचून डांबण्याचा अधिकार पूर्ववत राहिला. ज्याच्यावर अंकुश ठेवावयाचा, त्याच्याच हाती अंकुशाची तारीख सोपविणे म्हणजे उत्तरदायित्व ऐच्छिक करणे होय.