गाठींचा हिशेब

बी.कॉम. झालेल्या माणसाने चित्रकलेवर बोलू नये, असा संकेत आहे. पण चित्रकाराने देवघेवीचाच विषय घेतल्यावर बँकेतल्या कारकुनाने गप्प बसणं म्हणजे धंद्याशी बेइमानी!

आमच्या नगरातल्या (2024 पासून अहिल्यानगर म्हणायचं!) एका सधन दिवाणखान्यात, उंची गालिच्याच्या बरोब्बर वर, फ्रेंच चित्रकार जेरोमच्या ‘गालिच्याचा व्यापारी’ची छापील प्रत टांगलेली आहे. मूळ तैलचित्र 1887च्या सुमाराचं, हल्ली मुक्काम अमेरिकेतलं मिनिआपोलिस. कैरोच्या गालिचेबाजारातला चौक. सज्जावरून भलाथोरला गालिचा सोडलेला. खाली अंगरखे-पागोटीवाली मंडळी तो न्याहाळताहेत. आपल्या कापड बाजारात दुकानदाराने शालूची घडी मोडली की वधूपक्षाचे चेहरे असेच होतात.

जेरोमच्या कसबाबद्दल वादच नाही. लोकर अशी रंगवलीय, की बोट लावून पाहावंसं वाटतं. पण यजमान “कित्ती जिवंत!” म्हणाले आणि माझ्यातला कॅशियर जागा झाला. माल आहे, दुकानदार आहे, गिऱ्हाईक आहे, विणणारा कुठाय?

मग हिशेब मांडला. सहा बाय नऊ फुटी गालिचा, चौरस इंचाला अवघ्या 100 गाठी धरा. गाठी झाल्या 7,77,600. एका माणसाने रोज 8,000 मारल्या, तरी 97 दिवस पुरे पडत नाहीत! एवढे दिवस जो मान मोडून बसला, त्याला चित्रात वीतभर जागा नाही. घासाघीस मात्र त्याच्याच गाठींवर!

जेरोमचे सासरे गुपिल हे चित्रांचे बडे व्यापारी. जावयाच्या चित्रांच्या प्रती छापून विकायचे. तेव्हा जावईबापूंना दुकानाची बाजू जवळची वाटली, तर नवल नाही.

तुम्ही म्हणाल, बाजाराच्या चित्रात विणकर कशाला? ठीक. पण आमच्याकडे आठवडी बाजारात घोंगडी विकायला कधी कधी विणणाराच बसलेला असतो. भाव पाडायचा तर त्याच्या तोंडावर पाडावा लागतो, आणि त्याची बोटं दिसली की आपली जीभ जरा अडखळते. जेरोमच्या गिऱ्हाइकांना ती अडचण नाही. दिवाणखान्यातल्या आपल्यालाही नाही.

चित्र देखणं आहे, टांगावं असंच आहे. फक्त त्याच्या खतावणीत एक खातं उघडायचं राहून गेलंय, आणि सगळ्यांत मोठं येणं त्याच खात्यावर निघतं.