गहाण पडलेली पहाट

रशियन कादंबऱ्यांत आगगाड्या फार. आन्ना कारेनिना आपल्याला पहिल्यांदा भेटते ती स्टेशनावर, 'द इडियट' तर सुरूच होते तिसऱ्या वर्गाच्या डब्यात. आम्हा पारोळेकरांना हे जरा लांबचं. गावाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर अमळनेर गाठायचं. त्यामुळेच की काय, दस्तयेवस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' पहिल्या वाचनातच मला जवळची वाटली. ती पायी चालणारी कादंबरी आहे. नायक रास्कोल्निकोव्हच्या घराच्या फाटकापासून सावकारीण म्हातारीच्या घरापर्यंत बरोबर 730 पावलं आहेत, आणि ती त्याने मोजून ठेवली आहेत.

मीही मोजायचो. मृग तोंडावर आला की आईची पोत रुमालात बांधून सराफाकडे जायची आणि कापूस विकला गेला की परत यायची. निदान यावी अशी अपेक्षा असायची. आईचा हात धरून जाताना मी मनातल्या मनात पावलं मोजत असे. आकडा दरवेळी वेगळा यायचा, कारण ओळखीचं कुणी समोरून आलं की आई गल्ली बदलायची.

तेव्हा 'फिर सुबह होगी' या 1958 सालच्या हिंदी चित्रपटाबद्दल लिहिताना मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. रमेश सैगल यांनी दिग्दर्शित केलेला हा मुंबईतला सिनेमा त्याच कादंबरीवर बेतलेला. राज कपूर त्यात राम नावाचा कायद्याचा गरीब विद्यार्थी झाला आहे. आईच्या तुटपुंज्या कमाईवर आणि वस्तू गहाण टाकून तो शिकतोय. माला सिन्हाची सोहनी म्हणजे कादंबरीतली नायिका सोन्या, इथल्या रूपात. तिच्या दारुड्या बापाने कर्ज करून ठेवलंय आणि त्या कर्जापोटी तो तिचं लग्न धनकोशी लावून द्यायला निघालाय. ते कर्ज फिटावं म्हणून राम सावकाराची तिजोरी फोडायला जातो, सावकार त्याला पकडतो, झटापट होते आणि सावकार मरतो. पोलीस भलत्याच माणसाला धरतात. पुढचा सगळा चित्रपट त्या भलत्या माणसाचं ओझं वागवत चालतो.

कादंबरी वाचलेला माणूस इथेच नाक मुरडतो. झटापट? रास्कोल्निकोव्ह झटापटीत खून करत नाही. रखवालदाराच्या खोलीतून तो कुऱ्हाड उचलतो, कोटाच्या आत शिवून घेतलेल्या फासात ती अडकवतो, लाकडाची एक चपटी फळी कागदात गुंडाळून, दोऱ्याने आवळून तिचं खोटं गहाण तयार करतो. म्हातारी ती गाठ सोडवत उजेडाकडे वळते, तेवढाच वेळ त्याला हवा असतो. माझ्या लेखी हा कादंबरीतला सर्वांत थंड क्षण. गरजवंत माणूस आणि सावकार यांच्यामध्ये जी एक पुडी असते, तिच्यावरच्या विश्वासाचाच इथे हत्यारासारखा वापर झालाय. नंतर म्हातारीची बहीण लिझावेता अचानक दारात येते आणि तीही मारली जाते. चित्रपटात ती नाही. असती, तर राज कपूरला माफ करणं प्रेक्षकाला जड गेलं असतं.

आणि राज कपूरला माफ करण्याची सवय तर आपल्याला आधीच लागलेली. 'आवारा' 1951, 'श्री 420' 1955, 'जागते रहो' 1956. तहानलेला, चोर समजला गेलेला, तरी मनाने निर्मळ, असा हा चेहरा प्रेक्षक घरून येतानाच बरोबर घेऊन येतो. रास्कोल्निकोव्हचा चेहरा देखणा आहे, पण त्यावर माज आहे. असामान्य माणसाला रक्त सांडायची मुभा असते, नेपोलियनला कुणी जाब विचारला नाही, असं मानणारा हा पोरगा. राज कपूरच्या डोळ्यांत हा माज मावतच नाही. तिथे व्याकुळता येते, हट्ट येतो, पण तुच्छता येत नाही. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, 1959 साली, फ्रान्समध्ये रॉबेर ब्रेसाँने 'पिकपॉकेट' काढला. त्याने याच कादंबरीतून नेमका हा माज घेतला आणि खून टाकून दिला. त्याचा नायक नुसता खिसेकापू आहे. मुंबईने खून ठेवला, माज सोडला. एकाच घरातून दोघांनी दोन वेगळी भांडी उचलली म्हणायचं.

माझी तक्रार मात्र माज गेला एवढ्यावर नाही. चित्रपटातल्या खुनाला कारण आहे, ही माझी खरी तक्रार. प्रेम, कर्ज, एका मुलीची सुटका: कोर्टात उभं राहून सांगता येईल असं कारण, आणि शेवटी राम ते कोर्टात सांगतोही. कादंबरीचा थरकाप तर असं कारण नसण्यात आहे. रास्कोल्निकोव्ह सोन्यापुढे कबुली देतो तेव्हा तो एकामागून एक कारणं पुढे करतो. आईला मदत करायची होती, शिक्षण पुरं करायचं होतं, मोठा माणूस व्हायचं होतं. आणि प्रत्येक कारण बोलून झालं की हे नव्हे, हे नव्हे म्हणत स्वतःच खोडतो. लुटलेलं पाकीट त्याने उघडूनही पाहिलेलं नसतं. सगळा ऐवज एका दगडाखाली पुरून तो मोकळा झालेला असतो. पैशासाठी मारलं असतं तर सुटलो असतो, असं काहीतरी त्या पानांतून ऐकू येत राहतं. ही जागा पडद्यावर आणणं कुणालाही अवघडच, पण इथे तिच्याकडे कुणी बघितलेलंही दिसत नाही.

एवढं असून हा चित्रपट मी पुन्हापुन्हा का बघतो? एक तर गाण्यांसाठी. साहिर लुधियानवींची गाणी, खय्याम यांचं संगीत. राज कपूरच्या चित्रपटाला शंकर-जयकिशन हे तेव्हाचं ठरलेलं समीकरण. पण ज्याने ती कादंबरी वाचली आहे त्यानेच संगीत द्यावं, असा साहिरचा आग्रह होता आणि म्हणून काम खय्यामकडे आलं, ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. मला ती कानाने पटते. दस्तयेवस्कीची निम्मी कादंबरी नायकाच्या डोक्यात घडते: ताप, बडबड, स्वतःशीच वाद. कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही. आपल्याकडे त्यासाठी एक जुनी वाट आहे, नाटकातल्या पदांपासून चालत आलेली: माणूस बोलायचा थांबतो आणि गाऊ लागतो, आणि तो स्वतःशी बोलतोय हे सगळ्यांना कळतं. सैगलनी तीच वाट धरली. फरक इतकाच, की रास्कोल्निकोव्ह स्वतःशी बोलला की आणखी एकटा पडतो. राम गायला लागला की रस्त्यावर झोपलेली अर्धी मुंबई त्याच्यात सामील होते. एका गाण्यात साहिरने इक्बालच्या अभिमानगीताची चालच उलटी फिरवली आहे. सगळा मुलूख आपला म्हणायचा आणि पाठ टेकायला मात्र पदपथ, अशी ती विनोदी कळ. वाड्याच्या वरच्या कोनाड्यात, शवपेटीसारख्या खोलीत कुढणारा पीटर्सबर्गचा विद्यार्थी इथे उघड्यावर आला, तो असा.

मुकेश आणि आशा भोसले यांच्या आवाजातलं शीर्षकगीत सगळ्यांच्या ओठी आहे. चित्रपटाचं नाव आणि हे गीत शेजारी ठेवून वाचावं असं मला नेहमी वाटतं. नाव ठामपणे सांगतं: सकाळ होईल. गीतात मात्र एक 'कधीतरी' येऊन बसलंय, आणि खय्यामची संथ चाल त्या 'कधीतरी'वरच रेंगाळते. नावातला 'फिर' तर आणखी बोलका. पुन्हा सकाळ होईल म्हणजे आधी एक झाली होती. 1947 आणि 1958 यांच्यामधली अकरा वर्षं त्या दोन अक्षरांत आहेत. एक पहाट उगवली आणि तीही कुठेतरी गहाण पडली, असं साहिर न म्हणता म्हणतो. दस्तयेवस्कीने नाव दिलं होतं कायद्याच्या भाषेत, गुन्हा आणि शिक्षा. मुंबईने ते पंचांगाच्या भाषेत नेलं. सायबेरियातली आठ वर्षांची सक्तमजुरी तिकडे, आणि इकडे उजाडण्याची वाट.

दुसरं कारण सोहनीचं घर. बापाच्या कामात नाना पळशीकर आणि आईच्या कामात लीला चिटणीस, म्हणजे त्या उपाशी घरातले दोन्ही आवाज मराठी रंगभूमीच्या आणि बोलपटांच्या परंपरेतून आलेले. पळशीकरांचं वैशिष्ट्य असं की त्यांचा दारुडा आरडाओरडा करत नाही. तो लाजतो. कादंबरीतल्या सोन्याच्या बापाची, मार्मेलादोव्हची, सगळी गोम ती आहे: आपण किती नीच आहोत हे त्याला पुरेपूर कळतं, ते रंगवून सांगण्यात त्याला गोडी वाटते, आणि सांगून झालं की तो पुन्हा प्यायला जातो. पळशीकरांच्या झुकलेल्या खांद्यांत हे सगळं येतं. खानदेशात हा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

हे रशियन नातं आमच्या मुलखाला नवं नाहीच म्हणा. पलीकडे अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी टॉल्स्टॉयचं कलेवरचं पुस्तक मराठीत आणलं, आणि येवल्याच्या ललिता पवारांनी टॉल्स्टॉयच्या 'रिझरेक्शन'वर 'दुनिया क्या है' हा बोलपट काढून त्यात कामही केलं. पडद्यावरची आपली खाष्ट सासू एके काळी कात्यूशा, म्हणजे 'रिझरेक्शन'ची नायिका होती, हे आठवून मला फार बरं वाटतं. कलेने एकाची भावना दुसऱ्याला लागण झाल्यासारखी लागावी, ही टॉल्स्टॉयची त्या पुस्तकातली कसोटी. तिच्यावर हा चित्रपट घासून बघायचा तर माझ्याकडे एकच साक्षीदार आहे, आणि ती टॉल्स्टॉयच्या पसंतीला नक्की उतरली असती. माझी आजी.

गल्लीत भाड्याचा व्हीसीआर आला होता, तेव्हाची गोष्ट. पोरांना मारामारीचा सिनेमा हवा होता. मोठ्यांनी आधी हा लावला. आजी भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेली. राम आणि सोहनीच्या प्रेमाचं तिला काही नव्हतं. गाणं लागलं की ती डोळे मिटायची. तिजोरीच्या प्रसंगाला मात्र ती सावरून बसली. सावकार पडला. आमच्यातल्या कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी 'बरं झालं' म्हटलं. रामाला पोलीस धरतात की सुटतो, याची आम्हाला घाई.

आजी म्हणाली, "मंग त्याकडे ज्यासनं गहाण व्हतं, त्यासनं काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पुढे बऱ्याच वर्षांनी कादंबरी हातात आली आणि मी त्या पानापाशी थांबलो, जिथे खुनानंतर रास्कोल्निकोव्ह आपणहून तपास अधिकारी पोर्फिरीच्या दारात जातो. सबब काय, तर म्हातारीकडे त्याच्या दोन वस्तू गहाण होत्या. बहिणीने दिलेली अंगठी आणि वडिलांचं चांदीचं घड्याळ. याच घड्याळावर चार रूबल मागितल्यावर म्हातारीने दीड कबूल केला होता, आणि महिना रुपयाला दहा पैशांसारखं व्याज, मागच्या कर्जाच्या व्याजासकट, आगाऊ कापून हातावर एक रूबल पंधरा कोपेक टेकवले होते. आता त्या वस्तूंचं काय होणार, हे विचारायला तो आलाय. पोर्फिरी शांतपणे सांगतो की दोन्ही एकाच कागदात गुंडाळलेल्या सापडल्या, आणि म्हातारीने त्यावर पेन्सिलीने त्याचं नाव आणि तारीख स्वच्छ लिहून ठेवली होती.