लोखंड दोनदा मोजले तर?

न्यूट्रिनोंवरील लोकप्रिय लेखांत एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकते. ‘संगणकाने दाखवून दिले’ असे वाक्य असते, रंगीत चित्रे असतात. पण संगणकाला यंत्राची रचना बरोबर सांगितली होती का, याविषयी अवाक्षर नसते.

अडचण काय, हे बांद्यात चिऱ्यांचे घर बांधणाराही सांगेल. चारही भिंतींची बाहेरून लांबी घेऊन चिरे मोजले, तर प्रत्येक कोपरा दोनदा मोजला जातो. कणांचा प्रवास संगणकावर घडवणाऱ्या ‘जियांट-4’ या आज्ञावलीत डिटेक्टरचा प्रत्येक भाग आकार, जागा व पदार्थ देऊन सांगावा लागतो. दोन भाग एकमेकांत घुसले, की तेथील कण लोखंडात आहे की हवेत, हे नक्की ठरत नाही. आणि पुष्कळदा काम न थांबता चुकीचे उत्तर मिळते!

घुसखोरी शोधण्याची सोय आज्ञावलीत आहे. भागाच्या पृष्ठभागावर यादृच्छिक बिंदू (वेगळे न सांगितल्यास 1000) घेऊन ते शेजारच्या भागात पडतात का, हे पाहिले जाते. अगदी निमुळती घुसखोरी त्यातून निसटू शकते. ‘आढळली नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तमिळनाडूत योजलेल्या न्यूट्रिनो वेधशाळेला 2015 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. मुख्य डिटेक्टर मात्र उभा राहिलेला नाही. म्हणजे पडताळा पाहायला यंत्रच नाही, सारी भिस्त आराखड्यावर. त्याची मापे प्रसिद्ध केली आहेत, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. 16 मीटर लांब-रुंद असे 3 विभाग, प्रत्येकात 5.6 सेंटिमीटर जाडीचे लोखंडाचे 151 थर, मध्ये 4 सेंटिमीटर फटी. वर्गात गुणाकार करून पाहावा. उंची सुमारे 14.5 मीटर येते. लोखंडाची घनता 7.87 धरली तर वजन सुमारे 51 हजार टन. वेटोळ्यांच्या खाचा वजा केल्या की थोडे कमी. जाहीर आकडा 50 हजारांच्या आसपासचाच आहे. टंकताना 5.6 चे 6.5 झाले असते, तर वजन 59 हजारांवर जाऊन चूक लगेच पकडली गेली असती.

थर बाजूला सरकला तर मात्र वजन काहीच बोलत नाही. त्यासाठी ‘जियांटिनो’ नावाचा, कशाशीही आंतरक्रिया न करणारा काल्पनिक कण निरनिराळ्या दिशांनी सोडतात आणि वाटेत किती लोखंड, किती हवा लागली याची नोंद आराखड्याशी ताडून पाहतात.