दहा बोल्टांचं पान

रोव्हरच्या के-सीरीज इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत सिलिंडर हेड बसवण्याची कृती दिली आहे. भाषा कोरडी, आज्ञार्थी. दहा बोल्ट ठरलेल्या क्रमाने आवळा. आधी 20 न्यूटन-मीटर, मग 180 अंश, मग आणखी 180 अंश. कूलंटची गळती थांबवण्याविषयी इतकं नेमकं लेखन माझ्या वाचनात दुसरं नाही.

पहिला आकडा अगदी लहान आहे. त्याने बोल्ट फक्त जागेवर बसतो. पुढे जोराचा उल्लेखच नाही, नुसता कोन. टॉर्क रेंचवर दिसणारा बहुतांश जोर आट्यांच्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्ची पडतो. एक बोल्ट तेलकट, दुसरा कोरडा असला की आकडा तोच, पण ताण वेगळा. कोनाचं तसं होत नाही. बोल्ट जितका फिरला तितका ताणला गेला. पण अख्खा एक फेरा ताण सोसायला बोल्ट लांबच हवा, आणि इथे या इंजिनाची सारी रचना उलगडते. हे दहा बोल्ट हेडमधून शिरून ब्लॉक, त्याखालची बेअरिंगची चौकट असं सगळं ओवत थेट तळाच्या पट्टीत जातात. म्हणजे हेड खोलणं म्हणजे सगळ्या इंजिनाची पकड सैल करणं.

हे उमगलं की आधीच्या सूचनांचा अर्थ लागतो. क्रँकशाफ्ट पिस्टनच्या वरच्या टोकाच्या 90 अंश अलीकडे थांबवा: चारही पिस्टन मधल्या उंचीवर राहतात, व्हॉल्व्हला धडकत नाहीत. हेड काढल्यावर क्रँक फिरवू नका: लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतात त्या सुट्या नळ्या, हेडच्या दाबानेच जागेवर असतात, पिस्टनबरोबर उचलले गेले तर त्यांचं खालचं सील तुटतं. आवळण्याचा क्रमही तसाच विचारी. सतरंजीच्या सुरकुत्या मधून कडेकडे सारतात तसा मधल्या बोल्टापासून बाहेर. सोडताना नेमका उलटा.

गळती मुळात का होते, हे मात्र ही कृती सांगत नाही, आणि ती उणीव मला खटकते. इंजिन अतिशय हलकं. 1996 मध्ये लोटस एलिसने तेच घेतलं. पण या इंजिनात कूलंट थोडं, आणि थर्मोस्टॅट इंजिनात पाणी शिरण्याच्या बाजूला, त्यामुळे तापलेल्या धातूवर रेडिएटरचं गार पाणी झटक्याने येई. हेड आणि ब्लॉक जुळवणारे डॉवेल प्लॅस्टिकचे, म्हणून हेड किंचित सरके. हेड आणि ब्लॉकमधल्या जुन्या गॅस्केटच्या पातळ पत्र्यावर पाण्याच्या वाटांभोवती रबरासारखी कड चिकटवलेली असे. ती सुटली की कूलंट ब्लॉकवरून ओघळे, नाहीतर तेलात मिसळे. लँड रोव्हर फ्रीलँडरच्या 1.8 लिटर गाड्या याच दुखण्याने बदनाम झाल्या. पुढे पोलादी डॉवेल आणि पोलादाच्या अनेक थरांचं गॅस्केट आलं.

तरी लायनर ब्लॉकच्या पातळीखाली खचलेले असतील तर नवं गॅस्केटही टिकत नाही. म्हणून हे इंजिन असलेल्या गाडीचं हेड खोललं असेल, तर नवं गॅस्केट घालण्याआधी मेकॅनिककडून लायनरची उंची मोजून घ्या आणि डॉवेल पोलादी आहेत ना, हे स्वतः पाहा.