मदत गेल्यावर काय उरते?

1 जुलै 2025 रोजी अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या संस्थेने परदेशांना मदत देण्याचे काम थांबवले. इतर काही श्रीमंत देशांनीही हात आखडता घेतला आहे. ‘आता जागतिक आरोग्याचे कसे होणार?’ या चर्चेत पैशाचे आकडेच तेवढे मोजले जातात. आमच्या मते ही मोजपट्टी अपुरी आहे. आपल्या सिंधुदुर्गातला माकडताप हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, ते अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या भागीदारीतून. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, आसपासची माणसे तापाने आजारी पडली. या केंद्राने त्यामागचा विषाणू शोधला. तो गोचिडींमार्फत पसरतो हेही दाखवून दिले. पुढे 1967 च्या सुमारास रॉकफेलर प्रतिष्ठान बाहेर पडले. केंद्र मात्र बंद पडले नाही. गोचिडी ओळखणारी, विषाणू वाढवणारी माणसे इथेच तयार झाली होती आणि खर्च उचलणारी परिषदही इथलीच होती. 1978 पासून हे केंद्र राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाते. 2016 मध्ये नांदगावच्या दक्षिणेला, दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली, तेव्हा निदानासाठी पुण्याचीच संस्था उपयोगी पडली.

पण इथेच समाधान मानणे बरोबर नाही. विषाणू सापडून सहा दशके उलटून गेली, तरी खात्रीची लस अजून हाती नाही. जुनी लस पुरेशी परिणामकारक नाही म्हणून थांबवावी लागली. नवीवर काम चालू आहे. रॉकफेलरला रस होता तो कीटक व गोचिडींमार्फत पसरणारे जगभरचे विषाणू शोधण्यात. रानात काजू गोळा करणाऱ्या बाईला काय हवे, हा प्रश्न त्यात दुय्यमच होता. मात्र 1967 नंतरच्या दिरंगाईचा दोष परक्यांवर ढकलता येणार नाही. ज्या तापाचे रोगी थोडे आणि गरीब, त्याच्या लशीला बाजारपेठ नसते. अशा वेळी सरकारी संशोधनानेच पुढे व्हायला हवे होते.

तेव्हा कोणत्याही भागीदारीला दोन प्रश्न विचारावेत : प्रश्न कोणी ठरवला? आणि पैसा थांबल्यावर कौशल्य कोणाकडे राहिले? शिक्षकांनी आपल्या गावातली एखादी आरोग्य योजना घेऊन हेच प्रश्न वर्गात जरूर मांडावेत.